नानांच्या कोनाड्यातलं पस्तानं

१४ नोव्हेंबर

आज तिसऱ्यांदा बॅग उघडली. दोन स्वेटर आहेत आत. टांझानियात स्वेटर कशाला? पण मायनं घातलेत, तर घातलेत. चार शर्ट काढून परत कपाटात. बनियन तर आठ दिवस बॅगेतूनच काढून वापरतोय.

कंपनीच्या पुणे ऑफिसातली मॅडम फोनवर: "सर, परमिट प्रोसेसमध्ये आहे." काय प्रोसेस आहे देव जाणे. एवढ्या वेळात आमची मिरची ओली येऊन, वाळून, देठ मोडून पोत्यात जाते.

मिरची वाळत घालतात त्या पथारीवरची नोकरी दसऱ्याला सोडली. सतरा वर्षं मिरची तपासली तिथं. माझ्या जागी राजेंद्र आलाही. दिवाळीनंतर गावानं टोपी, शाल, नारळ देऊन निरोप दिला, फोटो ग्रुपवर टाकले. नारळ कधीच खोबरं होऊन भाजीत गेला. मी रनाळ्यातच.

१७ नोव्हें.

मुग्धानं विचारलं, "पप्पा, पस्तानं म्हणजे काय? आजी सारखी म्हणते." पाचवीतल्या पोरीला सांगायचं कसं. म्हटलं, मुहूर्त असतो एका दिवशी आणि गाडी असते भलत्याच दिवशी. मग मुहूर्त साधून आपली एक पुरचुंडी आपल्या आधी घराबाहेर काढायची. जायच्या वाटेवरच्या घरात ठेवायची. म्हणजे प्रवास सुरू झाला. खरं निघताना ती तिथून उचलायची आणि पुढं जायचं. ती परत घरात आली की जाणं मोडलं.

मायच्या तापीकाठच्या माहेरची चाल. दिवाळीच्या पाडव्याला तिनं लाल फडक्यात मूठभर तांदूळ, सुपारी, हळकुंड, एक रुपया आणि माझा एक रुमाल बांधला. स्वतः जाऊन ती पुरचुंडी भिका नानांच्या कोनाड्यात ठेवली. नानांचं घर नंदुरबार रस्त्याकडचं शेवटचं. रिटायर एस.टी. ड्रायव्हर, एकटा माणूस, त्यांच्याकडं सगळं सुखरूप राहतं.

मुग्धा: "म्हणजे तुम्ही गेलेले आहात?"
पोरगी हुशार आहे.

१९ नोव्हें.

मायच्या लेखी मी खरंच गेलोय. पाडव्यापासून मला पाहुण्यांच्या स्टीलच्या ताटात वाढते. माझं जुनं पितळी, काठ चेपलेलं, फडताळात वर. आज म्हशीला पेंड घालायला उठलो तर ओरडली, "पाव्हणाले कोनी काम सांगस का? बठ तठे."

बसलो. दिवसभर बसलोच.

२३ नोव्हें.

एकदा लिहूनच टाकतो, डोकं तरी हलकं होईल.

करार दोन वर्षांचा. तिथं मिरची वाळवायचं नवीन युनिट उभं करायचं. सहा महिन्यांनी फॅमिली नेता येते, मुग्धाला शाळा कंपनीची. वंदनाला जायचंय. लग्नाला चौदा वर्षं झाली, तिनं कधी काही मागितलं नाही. हे मागतेय. मलाही जायचंय. बेचाळीस वय. यानंतर कोण विचारणार?

माय येणार नाही. विचारलं होतं. "मन्ही म्हैस सोडीसन मी कोठे जाऊ?" वडील जाऊन सहा वर्षं झाली, बहीण सुरतेला तिच्या संसारात. म्हणजे आम्ही तिघं गेलो की चार खोल्यांत एकाहत्तर वर्षांची माय आणि म्हैस. हे घरात कुणी बोलत नाही. वं. स्वेटरच्या घड्या घालते, माय म्हणते, "जाय बेटा, जाय. चांगलं काम शे." आणि मी फोन बघत बसतो.

३० नोव्हें.

दाढी घरीच. सलूनवाला रमेश मोठ्यानं बोलतो. मागच्या वेळी अर्धी दाढी झालेली असताना, "अरे भो, तू गया नही अजून?" बाकावरचे चार जण पेपर खाली करून बघायला लागले. साबण लावलेल्या तोंडानं माणूस काय बोलणार.

चौकातून जाताना आता हेल्मेट. घरापासून दुकानापर्यंत, चालत. वं. हसून हसून बेजार. म्हणाली, "त्यानंच तर जास्त ओळखतात."

४ डिसें.

राहवलं नाही. पथारीवर गेलो.

सगळं रान लाल. नाकात तो ठसका गेला आणि बरं वाटलं. खरंच बरं वाटलं. एक मिरची उचलून कानाशी हलवली. बी वाजत नव्हतं, अजून दोन उन्हं हवीत. राजेंद्र ओलावा मोजायचं मीटर घेऊन धावत आला, "साहेब, बसा ना." खुर्ची पुसायला लागला. त्याचं मीटर चौदा दाखवत होतं, मी पंधरा म्हणालो असतो. म्हणालो नाही. त्याची पथारी, त्याचं मीटर.

देठ मोडणाऱ्या बाया ओळीनं बसलेल्या. सुमनबाई मान वर न करता, "आफ्रिका इतली जोडे शे का हो साहेब? जाईसन लगेच उनात?"

म्हणजे आफ्रिका इतकी जवळ, की जाऊन लगेच परतही आलो. सगळ्या फिस्सकन हसल्या. मीही हसलो. 

९ डिसें.

अवकाळी. दुपारी अडीचला पश्चिमेकडं काळं झालं. मी मोटारसायकल काढली की काढली. माय मागून ओरडत होती. पथारीवर पळापळ. ताडपत्र्या कमी, माल जास्त. राजेंद्र बिचारा रडकुंडीला आलेला. त्याला म्हटलं, "मधला ढीग सोड, तो ओलाच आहे. वाळलेला आधी झाक." अर्धा तास बाया, हमाल, मी, सगळे ताडपत्रीवर पालथे पडून होतो. निम्म्याहून जास्त वाचला.

कित्येक दिवसांनी दमलो, कामानं दमलो. छान वाटलं.

घरी आलो तर माय दारात. केस पुसायला टॉवेल घेऊन उभी. आता पाहुण्यावरून बोलणी खायची म्हणून तयारीत होतो. ती डोकं पुसायला लागली. पुसता पुसता एकदम डोळ्याला पदर लावला. "काय झालं?" तर म्हणे, "मिरची लागनी." मिरची माझ्या अंगाला, डोळे हिचे.

१५ डिसें.

कंपनीचा मेल. दहा जानेवारीपर्यंत परमिट आलं नाही तर दुसरा माणूस पाठवू. भाषा एकदम गोड. कागद त्यांनीच उशिरा भरलेत, हे त्यात कुठं नाही.

जेवताना सांगितलं. वं.नं तोडलेला घास ताटात ठेवला. माय अर्ध्यातून उठली, हात धुवायला गेली, ती बराच वेळ मोरीतच. मला वाटलं, माझ्यासाठी वाईट वाटलं तिला. तेल गेलं, तूप गेलं, हाती धुपाटणं. असं मोठ्यानं म्हणालो तर वं. म्हणाली, "गप बसा हो."

२१ डिसें.

नानांकडं गेलो. उगीच. म्हटलं, निदान पुरचुंडी तरी जागेवर आहे का बघू. कोनाड्याला आता पडदा आहे. पूर्वी नव्हता. हात पुढं केला तर नाना आडवे आले. "हात नको लावू. मुहूर्त मोडस."

"नुसतं बघतो नाना."

"शे ना रे. कोठे जाई ते? चहा ले."

चहा घेतला. आयुष्यभर धुळे-सुरत गाडी चालवलेला माणूस, कधी कुणाला घाबरला नाही. आज कप देताना बशीत चहा सांडला.

२८ डिसें.

मायचा गुडघा धरलाय. तीन दिवस खाटेवर. दळण संपलं म्हणून वं.नं मला बाजरी काढायला सांगितली. मायच्या कोठीला एरवी कुणी हात लावलेला तिला खपत नाही. ती झोपली होती.

पायली खाली दाबली तर मऊ काही लागलं. लाल फडकं. गाठ मायची, दुहेरी. माझा रुमाल.

तसाच उकिडवा बसून राहिलो. मग वरून बाजरी लोटली. दळण ठेवून आलो आणि सरळ नानांकडं.

नानांनी पडदा सरकवला. रिकामा कोनाडा, गणपतीचा फोटो आणि गोळ्यांचं पाकीट. म्हणाले, "चौथा दिनच तुन्ही माय लई गयी. मन्हाकडून आन लिधी, पोऱ्याले सांगानं नही. बोलनी, मन्हा जीव ऱ्हायना नही, नाना."

चौथ्याच दिवशी नेली, वर नानांना शपथ घालून. म्हणजे गावानं शाल घातली तेव्हा पुरचुंडी घरी आलेली होती. रोज पाहुण्यांचं ताट, रोज "जाय बेटा, जाय". आणि बाजरीखाली माझा रुमाल.

राग आला. इतका राग आला की नानांच्या ओट्यावरून उतरताना चप्पल उलटी घातली. परमिट काही फडक्यानं अडत नाही हे कळतं मला, बी.एस्सी. ॲग्री आहे मी. तिला मात्र वाटत असणार की तिनंच अडवलंय. दोन महिने एकटी हे पोटात घेऊन बसलीय.

१ जानेवारी

बोललो नाही. वं.लाही नाही.

सकाळी गुडघ्याला तेल चोळलं. रोजच्यासारखं विचारलं तिनं, "कागद उना का?" आजवर वाटायचं, ती वाट बघतेय. आता कळत नाही, कसली बघतेय. म्हटलं, "नाही." ती म्हणाली, "यी. काळजी नको करू." आणि माझ्या डोक्यावर हात ठेवला. 

राग गेला कुठं कुणास ठाऊक. मेला राग पण टिकत नाही. माय, मला जायचंय गं. आणि तुला सोडून जाववत नाही. दोन्ही खरं आहे, आणि त्यातलं एकही तुझ्यासमोर तोंडातून निघत नाही.

६ जाने.

आलं. सकाळी ११.२० ला मेल. परमिट, तिकीट. विमान मुंबईहून १४ ला. घरून १३ ला सकाळी निघायचं.

वं. स्वयंपाकघरातून ओल्या हातांनी आली आणि मुग्धाला उचलून गरगर फिरवलं. पोरगी आता केवढी, दोघी पडता पडता वाचल्या. मीही ओरडलो बहुतेक. मग तिघंही एकदम मायकडं बघायला लागलो.

"बरं व्हयनं," माय म्हणाली. काठी टेकत उठली.

दुपारी तिनंच वाढलं. माझ्या जुन्या पितळी ताटात, काठ चेपलेल्या. वं.नं ताटाकडं बघितलं, मग माझ्याकडं. मी खाली मान घालून जेवलो. भाकरी दोन जास्त खाल्ल्या.

९ जाने.

सलूनमध्ये बसून दाढी. रमेश: "आते खरंच का?" म्हटलं, खरंच. पैसे घेतले नाहीत त्यानं. बाहेर पडल्यावर आठवलं, येताना हेल्मेट घालायचंच विसरलो. गेलं.

११ जाने.

हे नानांच्या ओट्यावर बसून लिहितोय.

वं. आणि मुग्धा खरेदीला गेलेल्या. मायनं हाक मारली. खाटेवर बसली होती, मांडीवर पुरचुंडी. फडक्याला बाजरीचा कोंडा लागलेला. माझ्याकडं बघितलं नाही.

"तुले माहीत शे ना. नानानी सांगं माले."

"हो."

"मी पापिण शे."

"माय, काहीतरीच."

"मन्हा पाय उठत नही. सूनले काय सांगू? तूच ठेवी ये."

ज्याचं पस्तानं त्यानं स्वतः ठेवायचं नसतं, हे तिनंच शिकवलेलं. म्हटलंही. तर म्हणाली, "आते कसानं काय. जाय. मन्हं मन फिरी त्यानापहिले जाय."

उचललं. हलकं होतं अगदी. दारात वळून बघितलं तर ती भिंतीकडं तोंड करून होती. बाहेर पडलो, उंबऱ्यातून पस्तानं पहिल्यांदा माझ्या हातानं बाहेर.

आणि नानांच्या दाराला कुलूप. शेजारची म्हणाली, लेकीकडं दोंडाईच्याला गेलेत, संध्याकाळच्या गाडीनं येतील. येतील बहुतेक.

घ्या. घरात परत नेलं तर मोडलं. कुलूपबंद दारात ठेवलं तर कुत्रं नेईल. म्हणून मांडीवर घेऊन बसलोय, दोन तास झाले. रस्त्यानं जाणारे विचारतात, "परवा ना?" मी मान हलवतो.

वं.चा फोन: "आलो आम्ही घरी. तुम्ही कुठं? चहा टाकलाय." म्हटलं, येतो. कसा येणार, ते सांगितलं नाही.

पाचची एस.टी. येऊन गेली. नाना उतरले नाहीत. पुढची सातला.

इथून आमचं दार दिसतं. माय भिंत धरत धरत दारापर्यंत आलीय. उंबऱ्यावर बसलीय, इकडंच बघतेय. आत्ता तिनं हात केला. ये म्हणतेय की जा म्हणतेय, एवढ्या लांबून कळत नाही.