पारड्यातला बत्ता

माय, काल मी औंढ्याला जाऊन पुन्हा पारड्यात बसले, नऊ वर्षांनी. हे तुला सांगितल्यावाचून दुसरे कोणतेही काम हातून होत नाही. सकाळपासून तीनदा पुस्तक उघडले आणि तीनदा मिटले.

मुदतीच्या तापातून मी उठले तेव्हा अंगावर हाडांखेरीज काही उरले नव्हते. तू नागनाथाला नवस बोललीस, पोरगी दोन ढेपांइतकी भरली की तेवढा गूळ देवळाबाहेर वाटीन. त्या दिवसापासून माझ्या भाकरीवर लोण्याचा गोळा, दुधात खारीक, आणि तुझी नजर ताटावर कमी, माझ्या मनगटावर अधिक. मी पोटभर जेवत होते, विहिरीच्या पायऱ्या धावत चढत होते; ताप पुन्हा फिरकला नाही. अंग मात्र भरेना. वर्ष सरले, तुझा चेहरा उतरत चालला, आणि दोष माझाच आहे असे मला वाटू लागले. म्हणून औंढ्याला निघायच्या पहाटे मी खलातला लोखंडी बत्ता परकराच्या आत कमरेला बांधला. गाडीच्या प्रत्येक धक्क्याला तो मांडीवर आपटत होता. गूळवाल्याचा मोठा तराजू तुळईला टांगलेला; एका पारड्यात दोन ढेपा, दुसऱ्यात मी. पारडी एका पातळीत येतात, तू पदराने डोळे टिपतेस आणि दिसेल त्याच्या हातावर गूळ ठेवत सुटतेस. तुला इतके हसताना मी त्याआधी पाहिले नव्हते.

संध्याकाळी सुंठ कुटायला तू खल ओढलास. बत्ता सापडेना. मी तो परकराच्या घडीतून काढून दिला. तू तो हातात तोलून पाहिलास.

“काहून केलंस गं हे?”

“तू रडू नये म्हणून.”

“आता नागनाथाला काय सांगू मी?” एवढेच म्हणालीस आणि सुंठ कुटू लागलीस. त्या पावसाळ्यात पटकी आली. दोन दिवसांत तू गेलीस. दहा वर्षांच्या मुलीने त्याचा जो अर्थ लावायचा तो लावला. पुढे मराठी शाळेत माझा पहिला नंबर कधी चुकला नाही. पटकी घाण पाण्यातून येते, हे आता मीच मुलींना शिकवते. तरी शिकवताना मांडीवर लोखंड लागते.

रोज पहाटे मी पंचवीस नमस्कार घालते, ओढ्यावरून दोन भरल्या घागरी वाटेत न टेकता आणते. आजारपण माहीत नाही. मनगट मात्र तेच. आरंभी अंग भरावे म्हणून नमस्कार घालत असे. पुढे केव्हातरी ते कारण गळून पडले आणि नमस्कार राहिले. उद्या सेनगावची मंडळी मला पाहायला येणार आहेत. मागच्या खेपेला आलेल्या बाई म्हणाल्या होत्या की पोरगी वाऱ्याने उडेल. म्हणून परवा आत्याने तोड काढली, “आतून अजून एक लुगडं नेस वं, कोण उकलून पाहून राहिलंय?” सगळे हसले, मीही हसले, आणि कमरेला पुन्हा तीच गाठ आवळल्यासारखे झाले. मी एकच लुगडे नेसणार, असे सांगितले. मग जन्मभर शाळाच शिकव, आत्या म्हणाली.

म्हणून काल औंढ्याला गेले. गूळवाल्याला सांगितले की अट काही नाही, जेवढी भरेन तेवढाच गूळ. त्याने ढेप फोडून फोडून पारडे जुळवले. “मास्तरीणबाई, सवंगात सुटला तुमी,” म्हणाला. मी सगळा गूळ वाटला आणि देवळात जाऊन तुझ्या वतीने खरे ते सांगितले. मन हलके होईल असे वाटले होते. झाले, पण पुरते नाही.

हा कागद खलाखाली ठेवते. दुसरा पत्ता मला ठाऊक नाही. एक राहिले. काल माझ्या पिशवीत बत्ता होता. घरून निघताना तो का घेतला, मला सांगता येणार नाही. पारड्यात बसण्यापूर्वी पिशवी खाली ठेवली खरी. पण ठेवताना हात अडला होता.