आईचा मसाला आणि तुझं पोट

पप्पा, किती वेळा सांगू, मसाल्याने नाही झालं. रक्ताची उलटी झाल्यावर हॉस्पिटलात तू आईकडे बघून बोललास, "तुझ्या मसाल्यानेच खाल्लं मला," आणि दोन दिवसांत गेलास. बोलून मोकळा झालास. तिकडे वसईला, उमेळ्यात घरी, ती अजून तेच धरून बसलीय. मसाल्याच्या सगळ्या बाटल्या तिने विहिरीमागे नेऊन ओतल्या. उन्हाळ्यात आख्खी आळी मिरच्या वाळवते, कांडते, बाटलीत ठासून भरते, आणि आपलं अंगण रिकामं. बहिणीला वेगळं शिजवून देते, स्वतः नुसती पेज. बहीण फोनवर रडते, म्हणते, दादा, आईचे ब्लाउज परत शिवून आत घ्यायला लागले.

मी सातवी शिकलेला, इथे कतारला एसीची हवा जाते त्या नळांचे पत्रे छताला चढवतो. माझं कोण ऐकणार? पण मागच्या महिन्यात माझंही पोट पेटलं, जळजळ पार छातीपर्यंत. आमच्या कामगारांच्या कॅम्पच्या दवाखान्यातला डॉक्टर केरळचा. मी म्हटलं, कॅन्टीनचं तिखट. तो विचारतो, "कब होता है?" मी सांगितलं, फोरमनचा फोन वाजला की. तो हसला. "खाना देखा भी नहीं, फिर भी ॲसिड? तो ऊपर से ऑर्डर आया." मग कागदावर डोकं काढलं, पोट काढलं, मधे एक लांब रेघ, ती नस. डोक्यात हार्मोन असतात म्हणे. एकामुळे मेंदू त्या नसेतून पोटाला सांगतो, ॲसिड सोड. दुसऱ्यामुळे सांगतो, थांब. फार काळजी असली की हे बिघडू शकतं. पोटात जखम होते ती जंतूने, नाहीतर दुखण्यावरच्या गोळ्यांनी. असलेल्या जखमेला तिखट झोंबतं, पण तिखट जखम करत नाही.

ती रेघ बघता बघता मला तू दिसलास. तू राबायचास त्या कामणच्या गोडाऊनच्या शेठचा फोन येतो, मोबाईल टेबलावर थरथरतो, आणि तुझा हात आधी पोटावर जातो, मग फोनवर. ताट वाढलेलंही नसतं. पाठीसाठी रोज गोळ्या खायचास, त्यांचं नाव कुणी घेतलं नाही. गुड फ्रायडेला उपास म्हणून सगळं घर पेजेवर होतं, तरी तू भिंतीला टेकून कण्हत होतास, आणि आई सोडा घेऊन उभी. तर म्हणालास, "कालचं कालवण बाधलं."

आईला मी फोनवर सगळं समजावलं. नस, हार्मोन, गोळ्या. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "तू कधीपासून डॉक्टर झालास रे? पप्पा स्वतः बोललेत." झालं. चर्चच्या फादरनी सांगितलं, त्यांच्यापुढेही मान हलवली आणि परत पेज. हे तूच सांगायला पाहिजे. मी कुणाचे पाय धरू, पप्पा? हे लिहून तरी कुठल्या पेटीत टाकू? एकदा तिच्या स्वप्नात जा. शिव्या देत जा, पण सांग. नाहीतर ती अशीच सुकत जाईल आणि मी इथे पत्रे चढवत राहीन.

आज मी तिला सांगितलं, इथलं जेवण घशाखाली उतरत नाही, एक बाटली मसाला करून पाठव, वसईचा एक जण सुट्टीवरून इकडे परत येतोय. ती मग म्हणाली, "तुला सोसेल?" माझ्या पोटाचं तिला माहीत नाही. कळलं तर ती जन्मात मिरचीला हात लावणार नाही. मी म्हटलं, सोसेल. मिरच्या, धणे, कांडपाची मजुरी, सगळं धरून, माझ्या एका बाटलीचे नाही, घरालाही वर्षभर पुरेल एवढ्या मसाल्याचे साडेचार हजार पाठवतोय.