रांगेत शेवटी 'इतर'

सोमवार, ३ मार्च
लावली एकदाची नेटवर्कची रांग! हॉस्पिटलची लाइन एकच आणि घाई सगळ्यांना. आधी ऑपरेशन थिएटरचा व्हिडिओ, मग एक्स-रे, मग रिपोर्ट. उरलेलं सगळं 'इतर' — शेवटी. साहेब खूश. "आता कुणाची कुरकुर नको."

गुरुवार, ६ मार्च
ताई वॉर्ड तीनमध्ये नर्स आहे. आज डबा खाताना म्हणाली, "काल दुपारी चार नंबर बेडच्या आजोबांचा अलार्म उशिरा वाजला गं. धावत गेले तोवर ओठ निळे." आयसीयूत हलवलंय.
कुठला अलार्म?
"नवे मॉनिटर बसवलेत ना मंगळवारी. तुझ्या नेटवर्कवरूनच आमच्या नर्सच्या टेबलावर वाजतात."
मला कोणी सांगितलंच नव्हतं! घास तोंडातच राहिला.

शुक्रवार, ७ मार्च
तपासलं. मॉनिटर माझ्या यादीत नाहीत. म्हणजे 'इतर'. म्हणजे शेवटी! आणि बुधवारी दुपारी लाइन तुडुंब. पासवर्ड तीनदा चुकला. मॉनिटर सगळ्यात वर घेतले. आता घेऊन काय?

शनिवार, ८ मार्च
आयसीयूबाहेर आजोबांची बायको बसलेली, मांडीवर त्यांचा चष्मा. "तू कॉम्प्युटरवाली ना? माझा फोन लागत नाही बघ, लेकीला कळवायचंय." वायफाय जोडून दिलं. "सुखी राहा," म्हणाली. पळालेच तिथून.

सोमवार, १० मार्च
साहेबांना सांगितलं. "पुरावा आहे? नाही ना? मग कशाला अंगावर ओढून घेतेस?"
ताईलाही सांगितलं. तिने माझा हात धरला. मग म्हणाली, "तुझी काय चूक गं?" आणि रडायलाच लागली. माझ्यासाठी.

बुधवार, १२ मार्च
आजोबा गेले.

गुरुवार, १३ मार्च
दिलं लिहून. चूक माझी — सहीनिशी. साहेबांनी कागद दोनदा वाचला, मग मला म्हणाले, अलार्म नर्सच्या टेबलावर कधी पोचला त्याची नोंद मॉनिटरवाल्या कंपनीकडून मागव. मागवली. नोकरी जाईल? पोलीस येतील? लिहून दिलं की हलकं वाटेल असं वाटलं होतं. कसलं हलकं! दारावरची बेल वाजली तरी आधी खिडकीतून बघते.

सोमवार, १७ मार्च
नोंद आली, माझ्याच मेलवर. रांगेत शेवटी असूनही अलार्म दोन सेकंदांत टेबलावर पोचला होता. वाजलाही. कोणीतरी बटण दाबून बंद केला.
ड्युटीचा तक्ता पाहिला. टेबलावर तेव्हा ताई एकटीच होती.