जिन्यावरची माणसं

ता. ६ फेब्रुवारी

ती. ताईस,
धाकटीचा सा. न. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. डाव्या कानाने आता अजिबात ऐकू येत नाही हे वाचून वाईट वाटलं. पण तुझ्या कानामुळे निदान आपली पत्रं तरी चालू राहिली. नाहीतर मी कशाला हातात पेन धरते आहे?

इकडे धुलाईखान्यात नेहमीचंच. वॉर्डातून चादरींचे गठ्ठे येतात, त्यांत काय काय निघतं म्हणून सांगू! परवा एका चादरीत कवळी निघाली. आमच्या मुकादमाने ती रुमालावर ठेवून तीन मजले फिरवली, पण मालक सापडला नाही.

आता एक सांगते, हसू नकोस. मी ‘तिसरा जिना’ बघायला लागले आहे. हो, तीच मालिका. जिचं नाव या घरात काढायचं नाही असं मीच बजावलं होतं. घड्याळजीची थोरली मुलगी दुकान सांभाळते, वरच्या खोलीत एक भाडेकरू येऊन राहतो, आणि तो कोण, कुठला, हे नऊशे भाग झाले तरी कळत नाही. गोष्ट एवढीच, पण लोक तिच्यापायी खुळावलेत. फोनवर त्यांचा एक गट आहे, ‘जिन्यावरची माणसं’. चारशेच्या वर लोक. खरं नाव कोणी लावत नाही. नवीन कोणी आलं की त्याला सांगतात, बसा पहिल्या पायरीवर. मी तिथे ‘इस्त्रीवाली’. भाग संपला की तासभर नुसता कल्ला. भाडेकरू चांगला की लबाड यावरून दोन तट पडलेत आणि एकमेकांना काय काय बोलतात! पण गेल्या आठवड्यात एका आजोबांच्या डोळ्यांचं ऑपरेशन होतं, तर दोन्ही तटांनी मिळून त्यांना रोजचा भाग लिहून पाठवला, नातवाने वाचून दाखवावा म्हणून.

मी तिथे का गेले हे तू ओळखलं असशीलच. भिंगरीला घर सोडून दोन वर्षं पाच महिने झाले. तिचा नंबर बदलला, मैत्रिणी दाद देत नाहीत. मला वाटलं, पोरगी आई सोडेल, गाव सोडेल, पण ही मालिका सोडणार नाही. कुठेतरी बसून बघत असेल.

आणि ताई, ती तिथे आहे. ‘साय नको’ नावाने. आठवतं ना, दुधावर सायीचा एवढासा तुकडा दिसला तरी आपली भिंगरी पेला सरकवायची? तिच्यासारखंच वाक्याच्या शेवटी ‘हं’ लावते. मी अजून विचारलेलं नाही. हळूहळू बोलते आहे. घाई केली तर उडून जाईल.

कानाला जप. माझ्यावर आहे तेवढा लोभ ठेव, जास्त मागत नाही.

तुझी,
धाकटी


ता. १५ फेब्रुवारी

चि. धाकटीस अनेक आशीर्वाद.

पत्र दोनदा वाचलं. कवळीवर हसले, पुढचं वाचून मात्र हसू मावळलं.

इथे शाळेत वार्षिक परीक्षेची प्रात्यक्षिकं चालू आहेत. मुलांनी एका सकाळीच चार परीक्षानळ्या फोडल्या आणि प्रयोगशाळेच्या बाईंनी त्याचा जाब मला विचारला, जणू मीच त्या भिंतीवर आपटल्या. पुढच्या वर्षी निवृत्त होईन तेव्हा कपाटाच्या किल्ल्या त्यांच्या हातात देऊन मागे वळून बघणार नाही.

बाई, मी मोठी आहे म्हणून सांगते. साय न आवडणारी माणसं ढिगाने असतात. मलाही आवडत नाही. ‘हं’ तर सगळेच लावतात. तू करमणूक म्हणून बघ, चार लोकांशी बोल, त्याने तुझं बरंच होईल. घरात भिंतींशी बोलण्यापेक्षा ते चांगलं. पण एका नावावर एवढा जीव टाकू नकोस. ती तिथे नसली तर? ती मालिका बघतच नसली तर?

जास्त लिहीत नाही. जेवत जा वेळेवर.

तुझी,
ताई


ता. १५ फेब्रुवारी

चि. भिंगरीस,
मावशीचे अनेक उत्तम आशीर्वाद.

बाळा, तुला दिलेला शब्द मी पाळला आहे. तू मला पत्ता कळवलास हे तुझ्या आईला आजपर्यंत सांगितलेलं नाही. पण आज तिला पत्र लिहिलं आणि लगेच तुला लिहायला बसले. ती त्या मालिकेच्या चाहत्यांत जाऊन तुला शोधते आहे. कोणा ‘साय नको’ला तू समजून रोज बोलते. ती तू आहेस का? असशील तर मी देवापुढे साखर ठेवेन. नसशील तर तिला एक ओळ पाठव. पत्ता देऊ नकोस, मी माझ्या पाकिटातून पाठवीन. फक्त ‘मी बरी आहे’ एवढंच लिही.

चष्म्याच्या काचा घासून तुझी बोटं सोलवटतात म्हणाली होतीस. रात्री खोबरेल लाव.

तुझी,
मावशी


ता. २४ फेब्रुवारी

ती. मावशीस,
सा. न.

ती मी नाही. त्या दिवसापासून मी ती मालिका एकदाही पाहिलेली नाही. खालच्या बिऱ्हाडात लागते. तिचं गाणं सुरू झालं की मी मोरीतला नळ सोडते.

मावशी, तुलाही एक गोष्ट माहीत नाही. ती मालिका माझी एकटीची नव्हतीच. बाबांची पण होती. शेवटी शेवटी त्यांना उजेड सोसायचा नाही, म्हणून मी बाहेरच्या खोलीत बघायचे आणि मग आत जाऊन सगळं सांगायचे, आवाज काढून. भाडेकरूचा खोकला मी इतका हुबेहूब काढायचे की बाबा हसता हसता स्वतःच खोकायला लागायचे. आई तेव्हा दुपारपाळीला असायची. तिला हे कधी दिसलंच नाही.

त्या संध्याकाळी त्यांना दम लागला होता. मी म्हटलं, आज नाही बघत, इथेच बसते. ते म्हणाले, “जा, बघून ये. काय झालं ते मला सांग मग.” आवाजाचा त्यांना त्रास नको म्हणून मी कानात इअरफोन घातले. पंचवीस मिनिटं. सांगायला म्हणून आत गेले तर ऐकायला कोणी नव्हतं.

आई कामावरून आली आणि म्हणाली, “तू मालिका बघत बसलीस आणि माझा माणूस तडफडून गेला.” एकदा म्हणाली असती तर मी दुःख म्हणून सोडून दिलं असतं. भेटायला आलेल्या प्रत्येकाला तिने ते सांगितलं, मी चहाचे कप घेऊन उभी असताना. ते तडफडले की नाही हे मला माहीत नाही, तिलाही माहीत नाही. पण मला आता ते रोज दिसतं.

एक ओळ पाठवली की दुसरी मागेल. मला ते झेपणार नाही. तू आईला सांगितलंस तर मी ही खोली सोडेन, मावशी. धमकी नाही ही. माझ्याने दुसरं काही होणारच नाही म्हणून आधी सांगून ठेवते.

खोबरेल लावते. तुझ्या कानाची काळजी घे.

तुझी,
भिंगरी


ता. १९ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

महिनाभर पत्र नाही, माफ कर. तिच्याशी बोलण्यात वेळ कसा गेला कळलं नाही. तू रागावशील, पण मी तिला विचारलं होतं. सरळ नाही, आडून. लिहिलं, एवढा काळ लोटला, राग गेला का गं आता? तिने लिहिलं, कधीच गेला, किती दिवस धरून ठेवायचा, हं. ताई, त्या दिवशी मी इस्त्रीच्या यंत्रापाशी उभी राहून रडले. सगळ्यांना सांगितलं वाफ डोळ्यांत गेली.

शेवटचा भाग सगळ्यांनी एकत्र बसून बघायचा असं ठरलं होतं. एका वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर दालन घेतलं होतं. रजा टाकून गेले. भिंगरीचा निळा सदरा, ती जाताना दोरीवर वाळत राहिलेला, स्वतःच्या हाताने इस्त्री करून पिशवीत घेतला. जिन्यातच आमचा गटप्रमुख भेटला. फोनवर सगळ्यांना दरडावणारा तो माणूस, प्रत्यक्षात दातांच्या डॉक्टरकडचा लाजाळू कंपाउंडर. त्याने माझ्या छातीवर ‘इस्त्रीवाली’ची चिठ्ठी लावली. ऑपरेशनवाले आजोबा आले होते. माझ्याकडे निरखून बघत म्हणाले, तुम्ही बोलण्यावरून जाड वाटला होतात.

‘साय नको’ची चिठ्ठी लावलेली पोरगी खिडकीशी उभी होती. वीस-एकवीसची. नाकावर तीळ. धावत आली आणि मला मिठी मारली, म्हणाली तुम्हाला भेटायला मी दिवस मोजत होते. मी तिच्या खांद्यावरून मागे बघत राहिले, अजून कोणी त्याच नावाचं आहे का म्हणून. मग तिने तिच्या आईची ओळख करून दिली. ती बाई लेकीची पर्स आणि पाण्याची बाटली सांभाळत उभी होती. म्हणाली, ही घरात तुमचंच नाव घेत असते, हिला बाहेर एक आई मिळाली म्हणते.

मी तिला विचारलं, राग गेला म्हणालीस तो कोणाचा गं? ती हसली. घड्याळजीच्या मुलीचा, म्हणाली. दुसरा कोणाचा असणार?

शेवटच्या भागात भाडेकरू खोली रिकामी करून जातो. तो कोण होता ते सांगतच नाहीत. सगळं दालन रडत होतं, ‘लबाड’ म्हणणारेसुद्धा. मीही रडले. तिथे कोणाला कोणी कारण विचारत नव्हतं.

सदरा पिशवीतून काढलाच नाही. तू बरोबर होतीस एवढंच सांगायला हे पत्र. लोभ असू दे.

तुझी,
धाकटी


ता. २७ मार्च

चि. धाकटीस आशीर्वाद.

हे पत्र कामावर उघडू नकोस. घरी जाऊन, बसून वाच.

भिंगरी कुठे आहे हे मला दीड वर्षापासून माहीत आहे. तिने माझ्याकडून शब्द घेतला होता, मी तो पाळला. तुझं मागचं पत्र वाचल्यावर मला तो पाळवेना. ती सुखरूप आहे. काम करते, भाड्याच्या खोलीत राहते, कोणाच्या दावणीला नाही.

तू मला काय म्हणशील ते मी ऐकून घेईन. दर पत्रात मी तुला जेवत जा, झोपत जा म्हणून सांगत होते आणि ज्याने तुला घास गेला असता तेच दडवून ठेवत होते.

पण आणखी एक तुला कळायला हवं. ती मालिका भिंगरीच्या बाबांचीही होती. दोघं मिळून तिचा आनंद घ्यायचे, ती बघून यायची आणि आवाज काढून त्यांना सांगायची. त्या संध्याकाळी ती थांबते म्हणाली होती. त्यांनीच तिला पाठवलं, बघून ये आणि मला सांग म्हणून. तू तिला जे बोललीस ते ती अजून रोज ऐकते. मी हे तुला टोचायला लिहीत नाही. मला आता कोणाला काय सांगावं आणि काय नाही हेच कळेनासं झालं आहे.

तिलाही आजच पत्र टाकते, मी शब्द मोडला म्हणून. तू पत्ता मागितलास तर देईन.

तुझी,
ताई


ता. ५ एप्रिल

ती. ताईस,
सा. न.

पत्र घरीच वाचलं. चार दिवस उत्तर लिहिता आलं नाही.

तुझ्यावर रागवायचं ठरवून बसले होते, पण राग येईना. तिने सांगायला तुलाच निवडलं. मी तिच्या जागी असते तर मीही तुलाच निवडलं असतं.

ते हसायचे हे मला माहीत नव्हतं गं. मी दुपारपाळी करून यायचे तेव्हा ते भिंतीकडे तोंड करून पडलेले असायचे. मला वाटायचं या घरात हसणं उरलंच नाही. आणि मी बाहेर पडले की ती दोघं हसत होती. बरं झालं ते हसले.

पत्ता पाठवू नकोस. पाठवलास तर मी जाईन, स्वतःला थांबवू शकणार नाही. मला दारात बघून ती पुन्हा नवी खोली, नवं काम शोधत फिरेल. तू फक्त माझी एक ओळ तिला पोचव: ‘तुझे बाबा तडफडले नव्हते. मी आले तेव्हा त्यांचा चेहरा शांत होता. मी खोटं बोलले.’ ते खरंच शांत होते, ताई. मी पाहिलं होतं आणि तरी तसं बोलले. माझं दुःख कोणाच्या तरी माथी मारायचं होतं, आणि समोर ती होती.

गटातून लोक निघून चालले आहेत. नवी मालिका लागली आहे, तिकडे गेले सगळे. ती तीळवाली पोरगी अधूनमधून कशा आहात म्हणून विचारते. मी बरी आहे म्हणून कळवते.

उत्तराची वाट बघते आहे. तिच्या नाही, तुझ्या.

तुझी,
धाकटी


ता. २ मे

चि. धाकटीस अनेक आशीर्वाद.

तुझी ओळ मी वेगळ्या कागदावर माझ्या हाताने लिहिली आणि त्याच दिवशी टाकली. परवा पाकीट परत आलं. वर घरमालकाने लाल पेनने लिहिलं आहे: खोली सोडली, पत्ता ठेवलेला नाही.

आज सकाळी शाळेतून त्या चष्म्याच्या कारखान्यात फोन लावायला लावला. माझ्या कानाने काही कळणार नाही म्हणून बाईंनीच बोलून घेतलं. ते म्हणाले, एप्रिलच्या दहा तारखेला हिशोब पुरा करून गेली. म्हणजे माझं शब्द मोडल्याचं पत्र तिला मिळालं आणि तुझी ओळ पोचायच्या आत ती गेली. तिला कळवायला मी दोन आठवडे थांबले असते तर तिने तुझी ओळ वाचली असती.

तिच्या शेजारी काम करणाऱ्या बाईलाही तिने काही सांगितलेलं नाही, म्हणाले. आता मलाही माहीत नाही ती कुठे आहे.

शाळेला सुट्टी लागली की मी तुझ्याकडे येते आहे. तू नको म्हणालीस तरी येते आहे. आपण दोघी आहोत तेवढ्या एका घरात राहू. गाडी सकाळी पोचते, घ्यायला येऊ नकोस, दार उघडं ठेव.

तुझी,
ताई