मंगळवारची अठरा मिनिटं

प्रिय बाबा,

दोन दिवस मी गॅरेजला आले नाही. तू आईला म्हणालास, पोरगी रुसलीय. मी रुसलेली नाही, संतापलेय.

गुरुवारी आपल्या गॅरेजच्या दारात, भर रस्त्यावर, प्रांजलची आई मला नाही नाही ते बोलली. तिच्या मुलाचं खांद्याचं हाड मोडलं, मनगटात सळी घातली, ती बोलणारच. बुधवारी दुपारी त्याने आपल्याकडून त्याची मोटरसायकल नेली आणि संध्याकाळी नेऱ्याच्या रस्त्यावर इंजिन जाम होऊन मागचं चाक जागच्या जागी अडकलं. "लॅपटॉपवर गाड्या दुरुस्त करते म्हणे!" ती ओरडली. आणि तू? फडक्याला हात पुसत म्हणालास, "नवी पोरं हायेत बाय, आमचं ऐकत नाय." चाळीस वर्षं लोक ज्याच्या शब्दावर गाडी सोडून जातात, त्या महादेव मिस्त्रीने एका वाक्यात मला गुन्हेगार ठरवलं.

त्या गाडीचं इंजिन मीच बसवलं होतं. सायलेन्सरच्या पाइपात सेन्सर लावून आठ दिवस नोंदी घेतल्या. किती वेगाला, किती थ्रॉटलला, पेट्रोलच्या मानाने हवा किती, सगळं. पूर्ण थ्रॉटलला एका भाग पेट्रोलमागे पावणेतेरा भाग हवा हवी होती. त्यासाठी कार्बोरेटरमध्ये एकशेपंधराचा मेन जेट घातला आणि आकडा नेमका आला. तू तेव्हा हसलास. "इंजिन बोलतं पोरी, तुझा डबा नाय." मीही हसले होते.

गुरुवारी ती माउली गेल्यावर मी मोडून परत आलेल्या गाडीचा कार्बोरेटर उघडला. आत एकशेपाचचा जेट! बारीक भोकाचा, म्हणजे पेट्रोल कमी. एवढ्या कोरड्या मिश्रणावर पिस्टन तापून चिकटणारच. मग सेन्सरच्या नोंदी साठवणारा लॉगर वाचला. तो गाडीवर अजून चालू होता, हे तुला माहीत नसावं. मंगळवारी मी सामान आणायला कळंबोलीला गेले, तेव्हा गाडी अठरा मिनिटं फिरलीय. नेऱ्याच्या चढावर पूर्ण थ्रॉटल, आकडा पंधराच्या वर. शेजारच्या दुकानातल्या काशिरामकाकांनी तुला जाताना पाहिलं.

मला वाटलं, मला तोंडावर पाडायला केलंस. त्याच रागात काल तोच जेट तुझ्या गाडीत घातला, तीही त्याच मॉडेलची, आणि त्याच चढावर नेली. अर्ध्या मिनिटात इंजिन असं खडखडलं, जसं पत्र्याच्या डब्यात कोणी खडे हलवावेत. मी घाबरून थ्रॉटल सोडला. बाबा, हा आवाज तू अठरा मिनिटं अंगाखाली ठेवलास? गॅरेजात बसल्या बसल्या रस्त्यावरच्या गाडीच्या सैल टॅपेटची टिकटिक ओळखायचास, तो तू? तुला ती खडखड ऐकूच आली नाही. मी नीट बसवलेली गाडीही तुला म्हणूनच बद्द, गुदमरल्यासारखी वाटली असेल, आणि पेट्रोल जास्त होतंय समजून तू बारीक जेट घातलास.

शुक्रवारी मी तुला समोर उभं राहून विचारलं होतं, जेट तू बदललास का? तू मान हलवलीस आणि म्हणालास, "हां, सांग दोन चहा." मी समजले, टाळतोयस. आता कळलं, म्हणून लिहितेय. बोललेलं तुझ्यापर्यंत पोचत नाही. कान गेले याचा मला राग नाही. ते लपवायला माझं नाव पुढे केलंस, याचा आहे, आणि तो इतक्यात जाणार नाही. उद्या सकाळी दहा वाजता आपण विचुंब्याला प्रांजलच्या घरी जाणार आहोत. जेट कोणी बदलला, ते त्याच्या आईला तू सांगायचंस, मी नाही. त्यावर ती काय बोलेल ते मी तुला तिथेच कागदावर लिहून देईन, एकही शब्द न गाळता.

तुझीच,
पूर्वी