‘पूर’ कोणी लिहिला

मी, ओलिंदो मालागुती, वय त्र्याहत्तर, पो नदीकाठच्या काझालवेर्दे गावचा रहिवासी, येथील नाट्यगृहाचा एकतीस वर्षे वाद्यवृंद संचालक आणि आता निवृत्त, हे माझ्या हाताने लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे. उजव्या कानाने कमी ऐकू येते, पण त्याचा मालमत्तेशी संबंध नाही. हे लिहायला मला कोणीही भरीस घातलेले नाही. उलट माझे घर सांभाळणारी अर्जिया तीन दिवस म्हणते आहे की आधी जेवून घ्या, मग मरणाचे कागद लिहा. मला मूलबाळ नाही. पत्नी लिदिया १९६१ साली गेली. यापूर्वी मी जे काही लिहून ठेवले असेल ते रद्द समजावे.

कलम १. औषधाच्या दुकानावरच्या तीन खोल्या लिदियाच्या माहेरून आलेल्या. त्या, आतल्या सर्व सामानासह, अर्जिया मोन्तेकी हिला मिळाव्यात. तेरा वर्षे तिने माझा पियानो, माझा खोकला आणि माझे ओरडणे सोसले आहे. पियानो विकला तरी माझी हरकत नाही. मात्र त्यावर फुलांच्या कुंड्या ठेवू नयेत. ती ठेवणार हे मला माहीत आहे, तरी लिहितो.

कलम २. माझे दोन काळे कोट कोरसमधल्या ज्या कोणाला अंगाला बसतील त्याला द्यावेत. अंत्ययात्रेत गावचा बँड आलाच तर आधी सूर लावून घ्यावा.

कलम ३. तळघरातल्या लाम्ब्रुस्को वाइनच्या सर्व बाटल्या तार्चिझियो गेल्फी याला. तार्चिझियो आमचा ट्रॉम्बोनवाला. ट्रॉम्बोनला लांबलांब विश्रांती असते, आणि तेवढ्यात हा गृहस्थ स्टँडमागे सायकलींच्या शर्यतीचे वर्तमानपत्र वाचायचा. १९५३ च्या हंगामात दुसऱ्या अंकात राजा मरत असताना ट्रॉम्बोन वाजलेच नाहीत. पडदा पडल्यावर मी छडी त्याच्या अंगावर भिरकावली.

“राजा मेला होता, तार्चिझियो!”

“मायेस्त्रो, राजा रोजच मरतो. शर्यत वर्षातून एकदाच असते.”

वाद्यवृंद हसला, म्हणून मी चार वर्षे त्याच्याशी बोललो नाही. आता दर गुरुवारी आम्ही चौकातल्या बाकावर शेजारी बसतो. त्याची माफी मागायची राहून गेली, ती या कलमाने मागतो. तो चांगला वाजवत असे.

कलम ४. आता ज्यासाठी हा कागद लिहायला घेतला ते.

या गावात सर्वांना ठाऊक आहे की ‘पूर’ हा तीन अंकी ऑपेरा ओलिंदो मालागुती याने लिहिला. नाट्यगृहाच्या जिन्यात तशी संगमरवरी पाटी आहे. ती पाटी खोटी आहे. ‘पूर’चा एकही स्वर माझा नाही. तो दाविदे रोव्हिगी यांनी लिहिला.

रोव्हिगी हे माझ्या आधीचे संचालक आणि माझे गुरू. मी पिंप बनवणाऱ्याचा मुलगा, गावच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवत होतो. त्यांनी मला तिथून उचलले, पियानोवर बसवले, आणि पुढे कोरसची तालीम माझ्यावर सोपवली. आपल्या नदीचे पाणी चढत चढत चर्चच्या पायऱ्यांना लागते आणि सगळे गाव छपरावर जाऊन गाते, असा ऑपेरा त्यांनी सहा वर्षे खपून लिहिला. १९३८ च्या शरद ऋतूत त्याचा पहिला प्रयोग ठरला. प्रयोगाला तीन आठवडे उरले असताना रोव्हिगींना काढून टाकण्यात आले. ते ज्यू होते, आणि त्या वर्षी कायदाच तसा झाला होता.

नाट्यगृहाच्या चिटणीसाने मला बोलावून सांगितले, “प्रयोग होईल. तुम्ही चालवाल. ते नाव तेवढं चालणार नाही.”

मी तडक गुरूंच्या घरी गेलो. त्यांची मुलगी नोएमी, तेव्हा चौदा वर्षांची, टेबलाशी बसून चेस्टनट सोलत होती. रोव्हिगींनी हस्तलिखित दोरीने बांधले आणि माझ्या हातात दिले.

“तू चालव, ओलिंदो. कोरसनं चार महिने घाम गाळलाय, त्यांचा काय दोष? माझ्या नावाची जागा कोरी ठेवायला सांग. पुढचं पुढं बघू.”

कोरी ठेवायची, एवढेच ठरले होते. चार दिवसांनी गावभर जाहिराती लागल्या आणि त्या जागी माझे नाव होते. मी चिटणीसाकडे गेलो. तो म्हणाला, “कर्त्याशिवाय ऑपेरा छापतात होय? तुम्हाला नको असेल तर सांगा. दुसरा माणूस तयार आहे.” मी सदतीस वर्षांचा होतो. त्या व्यासपीठावर उभे राहण्याची मी बारा वर्षे वाट पाहिली होती. मी ‘नको’ म्हणालो नाही.

लिदिया कोरसमध्ये गात असे. तिने जाहिरात पाहिली आणि घरी येऊन शाल न उतरवताच म्हणाली, “ते नाव उतरव.”

“कसं उतरवू?”

“शिडी लावून.”

मी शिडी लावली नाही. प्रयोग झाला. लोकांनी मला चौदा वेळा पडद्यापुढे बोलावले. रोव्हिगींना नाट्यगृहात यायला बंदी होती. समोरच्या गल्लीत पाववाल्याच्या माडीवरच्या खिडकीत मुलीबरोबर उभे राहून त्यांनी तो ऐकला, हे मला दुसऱ्या दिवशी कळले. आठ दिवसांनी ते दोघे जेनोआला जाऊन बोटीत बसले आणि ब्युनोस आयर्सला गेले. मी निरोप द्यायला स्टेशनवर गेलो नाही. तिकडे ते पियानोच्या शिकवण्या करत राहिले आणि १९४६ साली वारले.

लिदिया ‘पूर’ पुन्हा कधीच गायली नाही. तो लागला की ती कोरसच्या प्रमुखाला कळवायची, घसा बसलाय. तेवीस वर्षांत अकरा वेळा तिचा घसा बसला. घरी तिने हा विषय पुन्हा काढला नाही. ओरडली असती तर बरे झाले असते.

दुसरी नाट्यगृहे मला ‘पूर’मुळे बोलवू लागली. सगळीकडे एकच प्रश्न, “मायेस्त्रो, दुसरा ऑपेरा कधी?” मी म्हणायचो, तालमींतून वेळ कुठे मिळतो. लोक मला विनयशील समजत. एकदा मी खरोखर लिहायला बसलो. अकरा पाने झाली. सगळी रोव्हिगींसारखी आणि सगळी वाईट. ती मी चुलीत घातली.

युद्ध संपल्यावर सत्य सांगायला कोणाची आडकाठी नव्हती. तो चिटणीसही गेला होता. मी या हंगामानंतर, त्या हंगामानंतर असे करत राहिलो. आणि १९५१ साली नोएमीचे पत्र आले. त्यात आरोप नव्हता, नावाचा उल्लेखही नव्हता. एवढेच होते: “बाबांच्या हाताचं लिहिलेलं आमच्याजवळ काहीच राहिलेलं नाही. ती वही तुमच्याकडे असेल तर पाठवाल का? मला फक्त त्यांचं अक्षर पाहिजे.”

मी उत्तर दिले की नाट्यगृहावर बॉम्ब पडला त्या आगीत हस्तलिखित जळाले. हे उत्तर लिहीत होतो तेव्हा ते माझ्यापासून चार हातांवर, चादरींच्या पेटाऱ्यात होते. जाहिरातीच्या वेळी मी भ्यालो होतो असे म्हणता येईल. या पत्राच्या वेळी मला कोणाचीही भीती नव्हती. लोकांनी मला या दुसऱ्या गोष्टीवरून ओळखावे.

बँकेत जी शिल्लक आहे ती ‘पूर’च्या प्रयोगांतून आली. ती सगळी नोएमी रोव्हिगी हिला मिळावी. <s>मूळ हस्तलिखितही माझ्या मृत्यूनंतर तिच्याकडे सुपूर्द करावे.</s>

येथपर्यंत मार्चमध्ये लिहून झाले. अर्जियाने विचारले, जेवत का नाही, म्हणून तिला सगळे वाचून दाखवले. ती पीठ मळत होती. तिने हात थांबवले नाहीत.

“मग ती बाई हे कधी वाचणार?”

“मी गेल्यावर.”

“म्हणजे तिनं शिव्या द्यायच्या त्या थडग्याला? थडग्याला काय लाज वाटते? सोपं काम निवडलंत, मायेस्त्रो.”

“या वयात मी तिला काय सांगू?”

“मला सांगितलंत तेच. आणि बाजूला व्हा, टेबल लागतंय मला.”

मी १९५१ च्या पत्त्यावर पत्र टाकले. घर तेच होते. एकोणीस मेला नोएमी आली. आता ती पन्नाशीची आहे, शाळेत भूगोल शिकवते. तिने हात पुढे केला नाही. मी दोरी सोडून हस्तलिखित तिच्यापुढे ठेवले. ती बराच वेळ वाचत नव्हती, नुसती बघत होती. मग तालाच्या आकड्यावर बोट ठेवून म्हणाली, “हा नऊ बघा. पोट फुगलेला. माझ्या गृहपाठाच्या वहीतही असाच काढायचे.”

नंतर म्हणाली, “वाजवा. छपरावरचा कोरस.”

मी वाजवू लागलो. पाणी पायऱ्यांना लागते तिथे तिने हात वर केला.

“थांबा. इथे बाबा थांबायचे.”

“इथे विराम लिहिलेला नाही.”

“लिहायचा राहिला होता. तालमीत सांगणार होते. त्या दिवशी खिडकीत मी शेजारी होते ना. ‘ओलिंदो घाई करतोय,’ म्हणाले. ‘अरे, पाणी चढू दे की.’”

एकतीस वर्षे मी ती जागा घाईने ओलांडत होतो आणि लोक टाळ्या वाजवत होते. मी विचारले, “फार रागावले होते का?”

“हो. त्या दिवशी घाईवरून. नावावरून बोटीत बसल्यावर. मग शेवटपर्यंत.” तिने वही मिटली. “आणि सांगून ठेवते, मी माफ करायला आलेली नाही. ही न्यायला आलेय.”

मी म्हणालो, “हो.” अर्जियाने भोपळ्याचे सारण भरलेले तोर्तेल्ली वाढले. नोएमीने दोनदा मागून घेतले. माझ्याशी ती जेवताना बोलली नाही, अर्जियाशी बोलली.

दुसऱ्या दिवशी कोरसची तालीम होती. मी काठी टेकत व्यासपीठावर चढलो आणि सर्वांसमोर सगळे सांगितले, पत्रासकट.  मग मागच्या रांगेतून चेझिरा फोर्नाचारी उठली. १९३८ च्या प्रयोगात गायलेल्यांपैकी ती एकटीच आता उरली आहे.

“आम्हाला माहीत होतं, मायेस्त्रो. आम्हाला तो ऑपेरा रोव्हिगींनी शिकवला होता. आम्ही काय बहिरे होतो?”

“मग इतकी वर्षं कोणी बोललं का नाही?”

“तुम्ही बोलाल म्हणून थांबलो होतो,” ती म्हणाली. मग, “आणि आम्हीही भित्रेच होतो.”

कलम ५. जिन्यातली पाटी काल उतरवली. या ऑक्टोबरात ‘पूर’ दाविदे रोव्हिगी यांच्या नावाने होईल. तो नवे संचालक चालवतील. तिसऱ्या अंकातला विराम नोएमीने सांगितला तिथे सर्व वादकांच्या प्रतींत शाईने लिहावा. जाहिरातीवर माझे नाव कोठेही नसावे, आभारांतही नाही.

कलम ६. कलम ४ च्या अखेरचे एक वाक्य खोडलेले आढळेल. ती खोडाखोड माझ्याच हातची आहे. ‘पूर’चे हस्तलिखित मी १९ मे १९७४ रोजी, जिवंत असताना, स्वयंपाकघरात नोएमी रोव्हिगी हिच्या हातात दिले. ती ते घेऊन गेली. त्यामुळे ते या मृत्युपत्राने कोणाला देता येत नाही.

स्थळ: काझालवेर्दे
दिनांक: ८ जून १९७४
सही: ओलिंदो मालागुती

मायेस्त्रोंनी आमच्यादेखत सर्व पाने वाचून दाखवली आणि सही केली. हात कापत नव्हता.

साक्षीदार:
१. चेझिरा फोर्नाचारी, कोरस गायिका
२. नेवियो कास्तान्येत्ती, औषध विक्रेता, तळमजला