स्वस्तातला मिस्त्री

जाकार्तावासी हार्दोयोदादास,

मी राहते त्या आईच्या जुन्या घराच्या दुरुस्तीचे दोन्ही अंदाज तू तिकडे बसून ताडून पाहिलेस आणि ठेकेदारापेक्षा रोजंदारीवरचा सार्विदी मिस्त्री दोन कोटी रुपियांनी स्वस्त पडतो, असा शोध लावलास. हुशार आहेस. ठेकेदाराची माणसं आपलं खाऊन येतात आणि रोजंदारीवाल्यांना घरच्यांनी खाऊ घालायचं असतं, एवढंच तुझ्या हिशेबात आलं नाही. सकाळ-संध्याकाळ कॉफी, सोयाबीनचं तळलेलं तेंपे, दुपारी भात, तेही काम संपेपर्यंत. हे कोण करणार, असं मी फोनवर विचारलं, तर म्हणालास, "अगं, तू घरीच असतेस ना?"

मी सार्विदीला सांगून पाहिलं, या वेळी जेवणखाण मिळणार नाही. तो हसला. "मग ताई, आमचा दर ठेकेदाराच्याही वर जाईल."

म्हणून काम ठेकेदाराला दिलंय. सुरुवात स्वयंपाकघर पाडण्यापासून करा, असं सांगितलंय.

पुढच्या आठवड्यात शाळांना सुट्टी लागेल. दरवर्षीसारखा तू बायकोमुलांना घेऊन पंधरा दिवस माझ्या हातचं खायला येशील. म्हणूनच हे पत्र टाकत नाहीये. घरात चूल नाही, हे तुला आल्यावरच कळू दे.

घरीच असणारी,
वुर्यानी